वनरक्षकाला बोलायला कोण शिकवणार?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. शाळेचे निसर्ग मंडळही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका शनिवारी, आठवी-नववीची साठेक मुले घेऊन मी गावामागच्या माळावर झाडे लावायला गेलो होतो. खड्डे आधीच घेऊन ठेवलेले होते. टेम्पोतून ग्लिरिसिडियाची रोपे आली, मुलांनी ती मनापासून लावली, फोटो निघाले, वडापाव वाटला आणि आम्ही परत निघालो. वाटेत एक म्हातारे मेंढपाळ भेटले. दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर मेंढरे घेऊन माळावर परतायचे, हा त्यांच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता.

"मास्तर, एवढं खड्डं घेतलं. आता मेंढरं कुठं सोडायची?"

मी म्हणालो, "तात्या, इथं जंगल करतोय आपण. मुलांच्या पुढच्या आयुष्याला उपयोगी पडेल."

त्यांनी माळाकडे हात केला. "जंगलच हाय की ह्ये. लांडगं हायत, हरणं हायत, खोकडं हायत. आनि कसलं जंगल पायजे तुमास्नी?"

मला उत्तर सुचले नाही. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपे वाळून गेली, आणि खड्ड्यांच्या कडेला काढून टाकलेल्या मुरमावर दोन-तीन पावसाळे गवत धरले नाही. मुलांना मी काय शिकवले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

तात्या बरोबर होते, हे मला नंतर वाचून आणि फिरून कळले. दख्खनचा माळ म्हणजे तोडून उजाड झालेले जंगल, असे आपण गृहीत धरतो. पण इथली पाचशे मिलिमीटरच्या आसपासची पावसाची सरासरी, उथळ मुरमाड जमीन आणि आठ महिन्यांचे कोरडे वारे यांच्याशी जुळवून घेतलेली ही एक स्वतंत्र, जुनी परिसंस्था आहे. शेडा, पवना, मारवेल, कुसळी ही तिची गवते. हिवर, बोर, बाभूळ ही तिची विखुरलेली झाडे. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल हे तिचे रहिवासी. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य केले गेले ते माळढोकासाठी, आणि माळढोक हा गर्द झाडीतला पक्षी नव्हे. त्याला लांबवर नजर जाईल असा उघडा माळ लागतो. तिथे दाट झाडी उभी केली तर आपण त्याचे घरच काढून घेतो.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी अलीकडे एक सुंदर काम केले. तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी वाङ्मय, संतांच्या आख्यायिका आणि लोकगीते त्यांनी वनस्पतींच्या उल्लेखांसाठी तपासली. त्यात भेटणाऱ्या रानटी वनस्पतींपैकी बहुसंख्य या उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातल्याच निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा भाग बराचसा असाच होता. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या समाधीपाशी तरटीचे झाड उगवले, ही कथा प्रत्येक वारकऱ्याला माहीत आहे. तरटी हे माळावरचे, कोरड्या उघड्या जमिनीतले काटेरी झाड आहे. भूगोलाचा शिक्षक असूनही मी त्या झाडापाशी हात जोडून उभा राहिलो होतो आणि ते मला माझ्या मुलखाविषयी काय सांगते आहे, हे मला ऐकू आले नव्हते.

मला हे आधी का माहीत नव्हते? कारण जंगलाविषयी समाजाला आपण आजवर एकच वाक्य शिकवले आहे: झाडे लावा. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर जुलैला शाळा, ग्रामपंचायती आणि कचेऱ्या हेच वाक्य गिरवत आल्या. नाव वनमहोत्सव, पण त्यात वन कुठेच नसते, असते ते रोप. २०१६ साली महाराष्ट्रात दोन कोटी रोपांचे लक्ष्य ठरले, २०१७ला चार कोटी, २०१८ला तेरा कोटी आणि २०१९ला तेहतीस कोटी. एवढ्या रोपांना जागा कुठून मिळणार? जिथे 'काही नाही' असे कागदावर दिसते तिथून. महसुली भाषेत माळाला पडीक म्हणतात, गायरानाला मोकळी जमीन म्हणतात. पुढे या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समितीही नेमली गेली. तिथे चर्चा रंगली ती रोपे जगली किती आणि पैसा गेला कुठे याची. ती व्हायलाच हवी होती. पण ही रोपे जिथे लावली तिथे आधी काय जगत होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

झाडे लावण्याला माझा विरोध नाही. बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी झाड लावणारा मुलगा मला आवडतो. त्याने लावलेल्या लिंबाला तो दहावीपर्यंत पाणी घालतो, हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच, की झाड लावणे म्हणजे वनशिक्षण नव्हे, आणि ते तसे नाही हे सांगण्याची पहिली जबाबदारी ज्यांना जंगल कळते त्यांची आहे. म्हणजे वनखात्याची आणि वनशास्त्र शिकवणाऱ्या संस्थांची. लोकांशी जंगलाविषयी बोलणे आणि लोकांचे ऐकणे हा वनकर्मचाऱ्याच्या कामाचा गाभा आहे. तो त्याला मोजणी आणि नकाशावाचनाइतक्याच गांभीर्याने शिकवला पाहिजे, आणि त्यात त्याची परीक्षाही घेतली पाहिजे. आज ते होत नाही.

का होत नाही, याची मुळे जुनी आहेत. १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले, १८७८ साली डेहराडूनला वनविद्यालय निघाले. सरकारला लाकूड हवे होते, रेल्वेला स्लीपर हवे होते. त्या गरजेतून जे शास्त्र उभे राहिले ते झाडाचा घेर, उंची, घनफूट, तोडीचे चक्र, कूप आणि कंपार्टमेंट यांचे शास्त्र होते. ते शास्त्र म्हणून कच्चे नव्हते. सागाची लागवड आणि निगा याविषयी त्या लोकांनी जे लिहून ठेवले ते आजही उपयोगी आहे. पण त्यात जंगलाकाठचा माणूस आला तो गुन्हेगार म्हणून, फार तर मजूर म्हणून. वनविद्यालय निघाले त्याला पाच वर्षे होतात न होतात तोच, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे मांडताना जंगलखात्यावर नेमके बोट ठेवले. डोंगर, दऱ्या, गायराने खात्याने आपल्या हद्दीत घातली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी लिहिले. माझ्या माळावरच्या तात्यांचा प्रश्न तोच होता. एकशे चाळीस वर्षांत त्याची भाषासुद्धा फार बदललेली नाही.

पुढे १९३० साली महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिठाऐवजी गवत कापून कायदा मोडला गेला. बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जंगलखात्याची आठवण ही अशी आहे. आजच्या वनरक्षकाने यातले काही केलेले नाही, पण गावात शिरताना त्याच्या अंगावरच्या खाकी वर्दीबरोबर ही आठवणही शिरते. प्रशिक्षणात हा इतिहास त्याला कोणी समजावून सांगितला नसेल, तर लोक आपल्याला पाहून गप्प का होतात हे त्याला कळणार कसे?

शेतीकडे पाहा. शेतीशास्त्राबरोबर कृषी विस्तार नावाची एक पूर्ण शाखा वाढली. कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्र, शेतीशाळा, रेडिओवरचे कार्यक्रम, मेळावे ही तिची अंगे. त्यात उणिवा पुष्कळ, पण शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय बियाणे शेतात जात नाही हे तत्त्व तिथे मान्य आहे. वनखात्यात याच्या जवळ जाणारे काम सामाजिक वनीकरणाने १९८२ पासून केले, आणि १९९०च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या आल्या. काही गावांत त्यांनी खरेच चांगले काम केले. पण बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यावरच्या, वनरक्षकाच्या हातात आजही पहिले साधन काय असते? गुन्हा नोंदवण्याचे पुस्तक. पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, किती फाडले याचा हिशेब ठेवला जातो, किती घरी बसून चहा घेतला याचा ठेवला जात नाही.

या लोकांविषयी मला आदर आहे, हे इथे स्पष्ट लिहितो. बारावी होऊन, धावण्याची चाचणी पार करून विशी-पंचविशीतली मुले-मुली भरती होतात, काही महिने प्रशिक्षण घेतात आणि एकट्याने शेकडो हेक्टर सांभाळू लागतात. २०२१ साली ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. उन्हाळ्यात हेच कर्मचारी हातात झुडपाच्या फांद्या घेऊन वणवे विझवतात. दोष त्यांचा नाही. ज्या कामात त्यांचा निम्मा दिवस जाणार, ते काम त्यांना कोणी शिकवलेच नाही, ही माझी तक्रार आहे.

बोलण्याने खरेच काही होते का, असे माझे एक सहकारी नेहमी विचारतात. त्यांना मी बिबट्याचे उदाहरण देतो. जुन्नर, आंबेगाव भागात २००१च्या सुमारास उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. हेतू चांगला होता, लोकांची मागणीही होती. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, स्थलांतरे सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि पकडलेल्याची जागा दुसरे घेते. हे शास्त्र झाले. पण पिंजऱ्यासाठी रस्ता अडवून बसलेल्या जमावापुढे ते शास्त्र सांगणार कोण, आणि कोणत्या शब्दांत?

मुंबईत हे करून पाहिले गेले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी शहर. २००४च्या सुमारास तिथे बिबट्यांच्या हल्ल्यांनी कहर केला होता. २०११ साली उद्यानाच्या व्यवस्थापनाने संशोधक, स्वयंसेवक आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. पत्रकारांबरोबर बसून त्यांनी बिबट्याविषयीचे शब्द तपासले. आपल्याच मुलखात वावरणाऱ्या जनावराला 'घुसखोर' म्हणायचे का, नुसत्या दिसलेल्या बिबट्याला 'नरभक्षक' म्हणायचे का, यावर चर्चा झाली. पोलिसांशी बोलणी झाली, कारण बिबट्या इमारतीत शिरला की खरा धोका गर्दीमुळे होतो. कचऱ्यामुळे भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे सोसायट्यांना सांगितले गेले. पाड्यांवर मात्र सांगण्यापेक्षा ऐकावे जास्त लागले. तिथले वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत आलेले आहेत, त्याच्याबरोबर कसे राहायचे याचे त्यांचे काही नियम आहेत. अंधारात उघड्यावर शौचाला जावे लागते, रस्त्यावर दिवा नाही, हे त्यांचे खरे दुखणे होते. ते दुखणे ऐकून घेतल्याशिवाय बिबट्याविषयीचे कोणतेही व्याख्यान तिथे निरर्थक ठरले असते.

आज मुंबईचा माणूस कॅमेऱ्यात सापडलेल्या बिबट्याचे छायाचित्र कौतुकाने दाखवतो. धोका संपलेला नाही, अधूनमधून घटना घडतात आणि त्या भयंकर असतात. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा लावा, ही मागणी तिथे पूर्वीसारखी राहिलेली नाही. एवढा बदल दंडुक्याने झाला नसता.

हेच जसेच्या तसे जुन्नर-शिरूरला लागू करता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या आईचे लेकरू अंगणातून उचलून नेले, तिला सहजीवन समजावून सांगायला जाणे हा क्रूरपणा आहे. तिथे आधी रात्रीऐवजी दिवसा शेतीला वीज हवी, वस्तीला दिवे हवेत, भरपाई वेळेवर हवी, आणि हल्ला करणारे जनावर पकडणारे पथक तासाभरात यायला हवे. संवाद म्हणजे लोकांची समजूत काढणे, अशी व्याख्या कोणी करत असेल तर तो संवाद मला नको आहे. लोक जे सांगतात त्यामुळे खात्याची कामाची पद्धत बदलत असेल, तरच त्याला संवाद म्हणता येईल.

असे घडलेले गाव गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण घोषणेमागे जे आहे ते कमी लोकांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट चालत आले. एखादा विषय निघाला की गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून त्याचा अभ्यास करतात. कायदा वाचतात, जंगलात जाऊन पाहतात, शंका काढतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतो. वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हा हे गाव त्यासाठी आधीच तयार झालेले होते. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते.

मग बांबूचा वाद आला. १९२७च्या भारतीय वन कायद्यातल्या व्याख्येत बांबू 'झाड' होता. वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. गावकऱ्यांनी कायद्याचा शब्द पकडून ठेवला, आणि एप्रिल २०११मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका शब्दाची किंमत शिकवायची असेल तर यापेक्षा चांगला धडा मला दिसत नाही. तो धडा वर्गात फळ्यावर लिहून भागणार नाही. त्या गावाच्या अभ्यासगटात महिनाभर गप्प बसून तो घ्यावा लागेल.

शब्दांविषयी थोडे जास्त बोलायला हवे, कारण आपल्या जंगलाचे निम्मे भांडण शब्दांचे आहे. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे, जुन्या मध्यप्रांताच्या नोंदींतून आलेली. निस्तारात गावाची गुरे चारायची, काटक्या आणायच्या अशी ती जागा. ती वन आहे की नाही यावर दशकानुदशके गोंधळ चालला, त्यावर शाळा, कचेऱ्या, वस्त्या उभ्या राहिल्या. शेवटी २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ८६ हजार हेक्टरांहून अधिक झुडपी जंगल हे कायद्याने वनच आहे असा निकाल दिला, आणि जुन्या वाटपांसाठी सवलतीचा मार्गही आखून दिला. मला खटकते ते हे, की 'झुडपी' हा शब्द उच्चारताना आपल्या मनात आधीच कमीपणा असतो. झुडपे म्हणजे अर्धवट झाडे, म्हणजे अर्धवट जंगल. त्या झुडपांत सशापासून लांडग्यापर्यंत कोण राहते, कोणती रानभाजी तिथेच येते, हे सांगणारा माणूस सुनावणीच्या आधी तीस वर्षे गावोगाव फिरला असता तर वाद इतका लांबला नसता, असे मला वाटते.

पश्चिम घाटाचेही तेच झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर आला मे २०१२मध्ये, इंग्रजीत, आणि तोही माहिती अधिकाराच्या झगड्यानंतर. तोवर कोकणातल्या वाड्यांवर अफवा पोचल्या होत्या: घर बांधता येणार नाही, कलमे लावता येणार नाहीत. मूळ अहवाल मात्र सीमा आणि निर्बंध ग्रामसभांशी चर्चा करून ठरवा, असे सांगत होता. ज्या लोकांना विचारा असे त्यात लिहिले होते, त्याच लोकांना तो वाचता आला नाही. देवराया शतकानुशतके राखलेल्या माणसांना निसर्गरक्षणाचे शत्रू ठरवून आपण मोकळे झालो.

आपल्याकडे याला एक उज्ज्वल अपवाद होऊन गेला. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि नोकरीभर आदिवासींकडून, मासेमारांकडून, रानात राहणाऱ्यांकडून शब्द गोळा केले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द मराठीला त्यांच्यामुळे मिळाले. २०२५च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना अरण्यऋषी म्हणून निरोप दिला. पण ऋषी म्हटले की आपण त्यांच्यासारखे होण्याच्या जबाबदारीतून सुटतो. ते वनाधिकारी होते. ऐकणे, नोंदवणे आणि लोकांच्या भाषेत परत सांगणे हे त्यांनी कामाचा भाग म्हणून केले. तेच काम प्रत्येक वनक्षेत्रपालाकडून, त्याच्या कुवतीप्रमाणे, अपेक्षित का नसावे?

आता वणव्याचे पाहा. 'वणवा लावू नका, जंगल वाचवा' ही पाटी प्रत्येक घाटात दिसते. पूर्व विदर्भात मोहफुले पडतात ती मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे. झाडाखाली पाचोळा असेल तर फुले दिसत नाहीत, म्हणून तो पेटवतात. आग पसरते. तेंदूला कोवळी पालवी जोमाने यावी म्हणूनही आग लावली जाते. म्हणजे आग लावणाऱ्या बाईला जंगलाशी वैर नाही, तिला तिची टोपली भरायची आहे. तिच्याशी बोलायला गेलेली वनरक्षक तिला विचारील, मावशी, किती झाडे आहेत तुमची, पाचोळा झाडून गोल केला तर किती वेळ लागतो, खाली जाळी बांधली तर चालेल का, जाळी कोणी आणून द्यायची? या चार प्रश्नांनी जेवढी आग टळेल तेवढी शंभर पाट्यांनी टळणार नाही. खात्यात आता मुली मोठ्या संख्येने येत आहेत. सरपण, मोह, तेंदू ही कामे बहुतेक बायकाच करतात. एवढी मोठी संधी समोर असताना त्या मुलींना संभाषणाचे प्रशिक्षण न देणे मला अक्षम्य वाटते.

कुंडल आणि चंद्रपूरच्या प्रबोधिन्यांत, दापोली आणि अकोल्याच्या वनशास्त्र महाविद्यालयांत शिकवणारी जाणती माणसे आहेत. त्यांच्यापुढे माझ्यासारख्या शाळामास्तराने अभ्यासक्रम मांडणे आगाऊपणाचे आहे. तरी एक शिक्षक म्हणून मला जे ठाऊक आहे ते सांगतो: ज्याची परीक्षा होते तेच शिकले जाते. म्हणून वनरक्षकाच्या प्रशिक्षणातला एक महिना गावात जावा, आणि शेवटची परीक्षा ग्रामसभेपुढे व्हावी. त्याने आपल्या बीटचा नकाशा जमिनीवर पसरून तिथल्या लोकांना समजावून सांगावा, मेळघाटात कोरकूत, धानोऱ्यात गोंडीत, नंदुरबारकडे भिल्लीत, निदान मोडकीतोडकी. गुण देताना त्याने काय सांगितले यापेक्षा लोकांकडून कोणती नवी माहिती लिहून आणली ते पाहावे. प्रत्येक वनविभागाची दहा वर्षांची कार्य आयोजना कचेरीतल्या कपाटात इंग्रजीत पडून असते. तिचा दहा-बारा पानी मराठी सारांश दर उन्हाळ्याआधी गावात वाचला जावा. कुठे तोड, कुठे जाळरेषा, कुठे चराई बंद, आणि का, हे त्यात असावे. लोक वाद घालतील. घालू द्यावा.

लोकांचे सगळेच खरे मानायचे का, असा आक्षेप येतो. नाही. माझ्याच भागात गवत जाळले की पुढच्या वर्षी दुप्पट येते, असे ठामपणे सांगणारे आहेत, आणि मांडूळ घरात ठेवले की धन मिळते असे मानणारेही आहेत. तिथे शास्त्राने ठाम उभे राहायला हवे, आणि मांडुळाचा व्यापार करणाऱ्यावर गुन्हाही दाखल व्हायला हवा. पण ज्याचे आपण कधी ऐकून घेतले नाही, त्याला चुकीचे ठरवायचा आपला आवाज फार लांब पोचत नाही.

बदल अशक्य नाही. आमच्याच जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या गवताळ माळांवर वनखात्याने सफारी सुरू केली आहे, आणि तिथे माळ दाखवायला स्थानिक तरुण असतात. ज्या जागेला काल पडीक म्हटले जायचे, तिथे लांडगा पाहायला पुण्याची माणसे पहाटे गाड्या काढून येतात. गाड्यांची गर्दी वाढली तर लांडग्याचे काय, ही काळजी मला आहेच. पण माळ हे पाहण्यासारखे काही आहे, हे खात्याने स्वतःच्या तोंडाने म्हणणे ही मोठी गोष्ट झाली.

आमच्या निसर्ग मंडळाने आता जुलैचा कार्यक्रम बदलला आहे. मुले वही घेऊन माळावर जातात, तात्या आणि त्यांची सून पुढे चालतात. कोणते गवत मेंढरू आधी खाते, कोणते कुसळ आल्यावर सोडून देते, कोणते दुष्काळातही हिरवे राहते, हे ती दोघे सांगतात. मुले लिहून घेतात, नमुना वहीत चिकटवतात, मग आम्ही पुस्तकात नाव शोधतो. काही नावे सापडतात, काही सापडत नाहीत. एका गवताला तात्या जे नाव सांगतात ते त्यांच्या सुनेच्या माहेरी दुसऱ्याच गवताचे आहे, आणि त्यावरून दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. नववीतल्या एका मुलीने दोन्ही नमुने शेजारी शेजारी लावून खाली दोन्ही नावे लिहिली आहेत.

वर्षअखेरीला मंडळाचा अहवाल पाठवायचा असतो. त्या छापील तक्त्यात 'लावलेल्या रोपांची संख्या' असा रकाना आहे. यंदा तिथे आम्ही शून्य लिहिले, आणि गवतांच्या नावांची यादी अहवालाला जोडून दिली.